सतरावा नियम

“किती चालतं, चाचा? एवढंच सांगा. फोटोत किती बदल केला की तो खोटा ठरतो?”

दस्तगीरचाचा मुल्ला खिडकीपाशी बसून एका जुन्या काचेच्या निगेटिव्हवरची धूळ मऊ ब्रशने काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा विक्रांत शिंत्रे होता. तो बसायलाही तयार नव्हता. दारात काढलेले त्याचे बूट एक इकडे आणि एक तिकडे पडले होते.

गडहिंग्लजच्या बाजारपेठेतला चाचांचा स्टुडिओ बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. पाटी उतरली, तरी शिकायला येणारे येतच राहिले. चाळीस वर्षं चाचांनी निगेटिव्हवर टचिंग केलं होतं. म्हणजे भिंगाखाली निगेटिव्ह धरायची आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने नवरीच्या गालावरचे मुरूम आणि सासऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या घालवायच्या. निम्म्या तालुक्याची लग्नं त्या पेन्सिलीखालून गेली होती.

विक्रांत त्यांचा शेवटचा चेला, आणि सगळ्यांत हुशार. हे त्याला स्वतःला चांगलंच ठाऊक होतं.

तो एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होता. उसाच्या रसातली साखर दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत मोजणारा माणूस. त्याने हौशी फोटोवाल्यांचं एक ऑनलाइन मंडळ काढलं, नऊ हजार माणसं जमवली, दर महिन्याला स्पर्धा लावली आणि स्पर्धेसाठी एक्केचाळीस नियम लिहिले. आमच्याकडच्या मंगल कार्यालयांतही एवढे नियम नसतात, आणि तिथे तर चपला कुठे काढायच्या तेही भिंतीवर लिहिलेलं असतं.

आज सहा वाजता निकाल लागायचा होता. आत्ता सव्वापाच झाले होते.

स्पर्धेचा विषय होता घर. विक्रांत धरून तिन्ही परीक्षकांनी एकमताने पहिला काढलेला फोटो होता मालन रेडेकर यांचा. या आजऱ्याकडच्या एका वाडीवरच्या प्राथमिक शाळेतल्या बाई. शिंजीर पक्ष्याचं लोंबतं घरटं, त्याच्या दारात चोच वासून बसलेलं पिल्लू, आणि हवेत जागच्या जागी थांबून घास भरवणारी मादी. फोटो बघून विक्रांतलाही हेवा वाटला होता, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

मग एका सभासदाने ओरड केली की बाईंनी फोटोतून एक डहाळी पुसली आहे. आणि ते खरं होतं.

सतरावा नियम सांगत होता की फोटोतली कुठलीही वस्तू काढायची नाही. अडतिसावा सांगत होता की जो फसवेल त्याचं नाव फोटोसकट काळ्या यादीत लागेल आणि ते कायम तिथे राहील.

बाईंचा दुपारी फोन आला होता. बक्षीस नको, पण यादीत नाव घालू नका, एवढंच त्या म्हणाल्या. शाळेतल्या पोरांचे आईबाप मंडळात आहेत. रोज वर्गात खरं बोला म्हणून सांगते, उद्या त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू, असं त्यांनी विचारलं. विक्रांतने नियम नऊ हजार माणसांना सारखाच असतो असं सांगून फोन ठेवला.

बाकीचे दोन परीक्षक मात्र यादीला तयार नव्हते. म्हणून तो चाचांकडे आला होता. खरं सांगायचं तर तो विचारायला आलाच नव्हता. त्याला शिक्का मारून हवा होता.

चाचांनी निगेटिव्ह कागदात गुंडाळली.

“उजेड वाढवला तर?”

“पंचवीस टक्क्यांपर्यंत चालतो.”

“सव्वीस?”

“बाद.”

“कडा कापल्या तर?”

“पाचवा हिस्सा. त्यापुढे नाही.”

“आणि आभाळच दुसरं लावलं तर?”

“बाद आणि थेट यादीत.”

“बरं,” चाचा म्हणाले.

त्यांच्या ‘बरं’चा अर्थ त्यांच्या बायकोलाही कधी लागला नव्हता, विक्रांतला कुठून लागणार?

त्याने पुन्हा सुरुवात केली. आज एक डहाळी पुसलेली चालवून घेतली, तर उद्या कुणी विजेचा खांब पुसेल, परवा शेजारचं घर पुसेल. मग फोटो आणि चित्र यांत फरक काय राहिला? बोलताना त्याचा आवाज चढत गेला. चाचा ऐकत होते आणि खिडकीबाहेर बघत होते.

“चाचा, काहीतरी बोला की.”

चाचांनी धुळीचा ब्रश झटकून बाजूला ठेवला.

“तुम्हाला त्यात वावगं दिसणारच नाही,” विक्रांत एकदम म्हणाला. “चाळीस वर्षं तुम्ही लोकांच्या सुरकुत्याच पुसल्यात.”

म्हणाला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. पण मागे घेतलं नाही.

चाचा वळले.

“पुसल्या,” ते म्हणाले. “फोटोतल्या.”

खाली रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. विक्रांतच्या खिशातला फोनही थरथरला. दुसरे परीक्षक होते, कुलभूषण मगदूम, निकालाचं काय म्हणून विचारत असणार. त्याने फोन काढला, नाव बघितलं आणि उचलला नाही.

“बाईनं लपवलं होतं का?” चाचांनी विचारलं.

“नाही. फोटोखाली लिहिलंय. निवडताना आम्हाला नुसते फोटो दिसतात.”

“वाच.”

विक्रांतने वाचलं. “‘घरटं शाळेच्या व्हरांड्यालगतच्या जास्वंदीवर आहे. पिल्लाच्या तोंडासमोर पानांची एक डहाळी येत होती, ती मोबाइलवर पुसली आहे.’”

“पुढं?”

“एवढंच.”

चाचांनी हात पुढे केला. विक्रांत क्षणभर थांबला आणि मग त्याने फोन त्यांच्या हातात ठेवला. चाचांना मोबाइलवरची अक्षरं वाचता येत नसत. त्यांनी खणातून टचिंगचं भिंग काढलं, पडद्यावर धरलं आणि बोटाने ओळ थोडी वर सरकवली. त्यांना वाचायला बराच वेळ लागला.

“‘तोडली नाही,’” त्यांनी मोठ्याने वाचलं. “‘कावळ्यापासून पिल्लांना तेवढाच आडोसा आहे.’”

त्यांनी फोन परत दिला.

“चार वाक्यं आहेत. तू दोन वाचलीस,” ते म्हणाले. “पाचवा हिस्सा चालतो म्हणालास. तू तर निम्मं कापलंस.”

विक्रांतचे कान लाल झाले. घाईत वाचलं, असं काहीतरी तो पुटपुटला. चाचांनी वाद घातला नाही. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, कपाटामागे गेले आणि तिथून एक फ्रेम ओढून काढली. फडक्याने पुसून त्यांनी ती टेबलावर ठेवली.

विक्रांतने ती लगेच ओळखली. न ओळखून कसं चालेल? दोन वर्षांपूर्वी त्यानेच ती चाचांना भेट दिली होती.

नाचण पक्ष्याचं वाटीएवढं घरटं. त्यात तीन पिल्लं, तिघांचीही तोंडं आ वासलेली, आणि समोर एक पानसुद्धा नाही. पुण्याच्या एका स्पर्धेत या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं होतं. विक्रांतचं नाव झालं ते यामुळे, आणि मंडळ उभं राहिलं ते त्या नावावर. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल त्याने सगळ्यांना बघायला खुली ठेवली होती. एक ठिपकाही बदललेला नाही, असं तो नव्या सभासदांना नेहमी सांगायचा. सतरावा नियम त्याच अभिमानातून लिहिलेला होता.

“भिंतीवरनं कधी काढलात?” त्याने विचारलं.

“कधी लावलाच नाही.”

चाचांनी फ्रेमच्या मागचे खिळे पकडीने वाकवले, काच बाजूला ठेवली आणि फोटो मोकळा केला. मग भिंग त्याच्याकडे सरकवलं.

“डाव्या कडेला बघ. खाली.”

विक्रांत वाकला. कडेला, अगदी खाली, तिळाएवढा पांढरा ठिपका होता.

“काय आहे?”

“धूळ असेल. कॅमेऱ्यातली.”

“कॅमेऱ्यातली धूळ काळपट दिसते. हे तूच मला सांगितलं होतंस. हे पांढरं आहे आणि ओलं आहे.”

विक्रांत भिंगातून वर बघेना.

“दुसरं विचारतो,” चाचा म्हणाले. “नाचण सावलीत घरटं बांधतो. पिल्लांच्या तोंडावर हे ऊन कुठनं आलं?”

फोन पुन्हा थरथरला. थरथरून थांबला.

“दोन वर्षं तुम्हाला माहीत होतं?”

“होय.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू विचारलं नव्हतंस. आज विचारायला आलास.”

विक्रांतला राग आला, आणि रागाहून जास्त भीती वाटली. आपलं घर आतून कुणीतरी दोन वर्षं बघत होतं आणि आपण मात्र दिवाळीला त्याच माणसाच्या पाया पडून येत होतो, असं त्याला झालं. तो काही बोलणार तोच चाचांनी खणातून रंगाची छोटी वाटी आणि तीन केसांचा ब्रश काढला. ब्रश ओठांत धरून ओला केला, राखी रंगावर फिरवला आणि टोक करून त्याच्यासमोर धरला.

“घे. दोन टिंबं लागतील. तुला शिकवलंय मी.”

“चाचा…”

“कापल्याचं पांढरं झाकलं की लाकूड लाकडासारखं दिसेल. मग कुणाला कळायचं नाही. माझेही डोळे आता गेलेत.”

विक्रांतने ब्रश घेतला. का घेतला, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. हात सवयीने फोटोवर गेला, करंगळी टेबलावर टेकली, आणि ब्रशचं टोक त्या ठिपक्यापासून बोटभर अंतरावर आलं. तिथे ते थांबलं. चाचा शांतपणे बघत होते. त्यांनी त्याचा हात धरला नाही, की नको म्हणून सांगितलंही नाही.

विक्रांतने ब्रश वाटीत ठेवला आणि इतक्या वेळात पहिल्यांदा तो खाली बसला.

मग त्याने सांगितलं. सकाळपासून तो त्या आंब्याखाली बसला होता. दहाच्या सुमारास हवा तसा उजेड आला, पिल्लांनी तोंडं उघडली, पण मध्ये पानं येत होती. पिशवीत आईची फुलं कापायची कात्री होती. सगळं दोन मिनिटांत झालं. फोटो मिळाला तेव्हा त्याने तो तिथेच झाडाखाली बसून दहादा बघितला. तिसऱ्या दिवशी आणखी फोटो काढायला तो परत गेला, तेव्हा घरटं रिकामं होतं.

“उडून गेली असतील, असं मला वाटलं,” तो म्हणाला.

“पंख फुटले होते?”

“…नाही.”

त्यानंतर महिनाभर त्याने कॅमेरा हातात घेतला नव्हता. मग बक्षीस लागलं, मग मंडळ निघालं, आणि एकामागून एक नियम लिहिले गेले. त्या एक्केचाळीस नियमांत उजेडाला टक्केवारी होती, कडांना टक्केवारी होती. झाडाबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं. बाईंचं ‘तोडली नाही’ वाचल्यापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. बाईंचा त्याला इतका राग का येत होता, ते त्याला आत्ता, इथे बसल्यावर कळलं, आणि कळल्यावर तो स्वतःवरच शरमला.

अर्धा तास कसा गेला ते समजलं नव्हतं. सहाला बारा मिनिटं होती.

हुशार माणसं पडली तरी लगेच उठून दुसरीकडे पळतात. विक्रांतने फोन उघडला.

“सतरावा नियम काढूनच टाकतो,” तो म्हणाला. “पहिलं बक्षीस बाईंना देतो.”

“का?”

“त्यांनी बरोबर केलं म्हणून.”

“नियम आधी लावला होतास?”

“होय.”

“बाकीच्यांनी पाळला?”

“पाळला.”

“मग बाईचा फोटो बाद.”

विक्रांतने फोन खाली घेतला. ज्या निकालासाठी तो तावातावाने आला होता, तोच निकाल आता त्याच्या मनाला लागत होता.

“आणि यादी?”

“बाईनं काय लपवलं? यादी कसली?”

“आणि मी?” विक्रांत म्हणाला. आवाजात घमेंड नव्हती, उलट कुणीतरी आपल्याला सोडवावं अशी विनवणी होती. “माझ्या फोटोनं एकही नियम मोडलेला नाही, चाचा. तेव्हाही नाही आणि आजही नाही.”

“नाही मोडला,” चाचा म्हणाले.

ते पुढे काही बोलतील म्हणून विक्रांत वाट बघत राहिला. चाचांनी भिंग पुसलं आणि खणात ठेवलं.

शेवटी तोच लिहायला लागला. त्याची बोटं भराभर चालत होती. मध्ये कुलभूषणचा तिसरा फोन आला, तो त्याने तोडला. लिहून झाल्यावर त्याने वाचून दाखवलं.

“‘रेडेकरबाईंचा फोटो नियमात बसत नसल्यामुळे बाद करत आहोत, पण त्यांनी काहीही लपवलेलं नाही. याच निमित्ताने माझ्या नाचणच्या फोटोविषयीही सांगावंसं वाटतं. तो काढताना कळत-नकळत घरट्यासमोरच्या एक-दोन डहाळ्या बाजूला केल्या गेल्या, आणि त्यामुळे पिल्लांना कदाचित त्रास झाला असावा.’”

चाचांनी डोळे मिटून ऐकलं. फोटो ऐकता आला असता तर तो त्यांनी असाच ऐकला असता.

“डहाळ्या किती?”

“…चार.”

“बाजूला केल्या गेल्या?”

“कापल्या.”

“कुणी?”

“मी.”

“नकळत?”

त्याने ती ओळ खोडली.

“पिल्लं?”

“तीन.”

“त्रास झाला?”

दोन वर्षांत त्याने हे कुणापुढे उच्चारलं नव्हतं, आईपुढेही नाही.

“मेली, चाचा.”

“मग तसं लिही.”

बाहेर बाजार भरात आला होता. समोरच्या दुकानात कुणीतरी हसत होतं. विक्रांतने सगळं पुसून पहिल्यापासून लिहायला घेतलं, आणि या वेळी बोटं हळू चालली. एकदा थांबून त्याने तोंड पुसलं. हे पाठवलं की काय होईल ते त्याला स्वच्छ दिसत होतं. पुण्याचं बक्षीस जाईल, मंडळातली खुर्ची जाईल, नऊ हजारांतले निम्मे तरी उद्या सकाळपर्यंत त्याला हवं ते बोलून घेतील. आणि आजऱ्याकडच्या एका वाडीवर एक बाई सहा वाजायची वाट बघत फोन हातात धरून बसलेली असेल, तिला मान खाली न घालता शाळेत जाता येईल.

सहाला दोन मिनिटं उरली होती.

त्याने उभं राहून वाचलं.

“‘मालन रेडेकर यांचा फोटो सतराव्या नियमाप्रमाणे बाद आहे. त्यांनी डहाळी पुसल्याचं स्वतःहून लिहिलं होतं. त्यांनी कुणाला फसवलेलं नाही आणि त्यांचं नाव कुठल्याही यादीत जाणार नाही. दोन वर्षांपूर्वी नाचणच्या घरट्याचा फोटो काढताना मी समोरच्या चार डहाळ्या कात्रीने कापल्या. घरट्यात तीन पिल्लं होती. आडोसा गेल्यामुळे ती मेली. हे मी लपवलं. त्या फोटोचं बक्षीस मी नम्रपणे परत करत आहे. आजपासून मी परीक्षक नाही.’”

तो थांबला. अंगठा पाठवायच्या खुणेवर होता.

चाचा उठून त्याच्याजवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले,

“‘नम्रपणे’ काढ.”